तोफेच्या आधी धावलेला बैल

तेजीसर आमची प्रकरणं वाचत नसत, जोखत असत. पीएच.डी.चं एखादं प्रकरण टाइप करून त्यांच्या टेबलावर ठेवलं की ते आधी चष्मा काढून बाजूला ठेवायचे. मग कागदांची चळत उजव्या तळहातावर घेऊन हात दोनदा वरखाली करायचे आणि निकाल द्यायचे. "राऊतबाई, हलकं आहे. अजून तीस पानं लागतील." मी तीस पानं वाढवून नेली की पुन्हा तळहात. "हां, आता बरं आहे." त्या तीस पानांत काय होतं ते त्यांना माहीत नाही अशी माझी खात्री होती. खरं सांगायचं तर मलाही ते धड माहीत नसायचं.

अमरावतीच्या विद्यापीठात ते इतिहास शिकवायचे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण अख्खं विद्यापीठ त्यांना तेजीसर म्हणायचं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. ती कापसाची तेजी हा सरांचा विषय. तीस वर्षं ते त्या चार-पाच वर्षांत राहत होते; आमच्यात फक्त पगारापुरते येत. लिपिकाच्या मुलीच्या लग्नात त्यांना आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला सांगितलं, तर वधूवर हातात हार घेऊन ताटकळले आणि सर अचलपूरच्या बाजारात कापसाच्या गाड्या लावत राहिले. लोकांना वाईट वाटलं नाही. बोलायला उभं केल्यावर सर दुसरं काही बोलतील, असं कुणाला वाटलंच नव्हतं.

सर मूळचे मोर्शीकडचे. पण ऐन तरुणपणी पुण्याला जाऊन जुन्या दप्तरांत मोडी वाचायला शिकले आणि येताना पुण्याची भाषाही घेऊन आले. 'आपण', 'कृपया', 'मला असं वाटतं' असं सगळं जागच्या जागी. राग आला की मात्र मोर्शी बाहेर पडायची. एकदा एकानं सिनॉप्सिसमध्ये खामगावच्या बाजाराचा उल्लेखच केला नव्हता, तेव्हा भर समितीत म्हणाले, "काऊन बे, खामगाव का आभायातून पडलं?" आणि लगेच रुमालानं तोंड पुसून, "म्हणजे, आपण याचा कृपया विचार करावा."

सरांची सगळी कीर्ती एका पत्रावर उभी होती. अचलपूरच्या एका कापूसवाल्यानं भावाला लिहिलेलं ते मोडी पत्र सरांना जुन्या पेटीत सापडलं होतं. कापूस इतका झाला आहे की बैल पुरत नाहीत, मिर्झापूरकडे बैलांचा तांडा रवाना केला आहे, असा त्यातला मजकूर. वर सालाचा आकडा होता, आणि आकड्यापुढचा शब्द वाळवीनं खाल्ला होता. सरांनी आकड्यावरून इंग्रजी साल काढलं, ते नेमकं अमेरिकेतल्या युद्धाचं निघालं. झालं! वऱ्हाडात कापसाची धांदल उडाली ती त्या युद्धामुळेच, त्याआधी इथे होतं काय, असा सिद्धान्त मांडून सर मोकळे झाले. "अमेरिकेत तोफ उडाली आणि अचलपुरात बैल धावला," हे त्यांचं वाक्य आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही पाठ होतं.

विद्यापीठात ज्ञानाच्या शाखा पुष्कळ असतात, पण आमच्याकडे खोड एकच होतं. सरांनी साल ठरवून दिल्यावर वनस्पतिशास्त्रानं त्या सालचं कापसाचं वाण शोधलं. रसायनशास्त्रानं त्या वाणाच्या सरकीचं तेल काढलं. भूगोलानं तांड्याची वाट आखली, मानसशास्त्रानं तेजीतल्या माणसाचं मन तपासलं, आणि कुणी मागे राहू नये म्हणून शारीरिक शिक्षण विभागानं तांड्याबरोबर चालणाऱ्यांच्या दमाचा अभ्यास केला. या प्रत्येक निबंधाच्या पहिल्या पानावर सरांच्या पत्राचं साल होतं. मूळ पत्र पाहायला मात्र कुणी पायऱ्या चढून ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर गेलं नव्हतं. संदर्भ एकमेकांचे देता येत असताना कागदाची धूळ कोण नाकात घेणार?

मी गेले, तेही हौसेनं नाही. प्रकरण हलकं पडत होतं, पत्राची नक्कल जोडून दोन पानं वाढतील असा हिशेब होता. ग्रंथालयात रहीमचाचा हे जुने सेवक होते, अचलपूरचे. त्यांनी पत्र काढून दिलं, स्वतःही डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाले, "बेटा, हे सन तं फसली दिसून राहिलं. आमच्या दादाजानच्या कागदावर असंच आहे. याच्यात पाचशे नव्वद मिळवा लागते."

मी तिथेच कागदावर बेरीज मांडली. पेशव्यांच्या दप्तरातल्या सालाचं इंग्रजी साल करायचं तर आकड्यात पाचशे नव्व्याण्णव मिळवतात. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा; इथलं साल फसली, म्हणजे शेतसाऱ्याचं, त्यात मिळवायचे पाचशे नव्वद. पुण्यात शिकलेल्या सरांचा हात पाचशे नव्व्याण्णववर बसलेला होता. वाळवीनं खाल्लेला शब्द 'फसली' होता आणि सर नऊ वर्षांनी चुकले होते. तोफ उडण्याच्या कितीतरी आधीच बैल धावला होता. मिर्झापूरचं कोडंही सुटलं. तेजीत सगळा कापूस मुंबईकडे धावत असताना याचेच बैल उत्तरेला, उलट्या वाटेनं का, असं विचारलं की सर "व्यापारी हट्टी होता" म्हणायचे. व्यापारी हट्टी नव्हता. त्याच्या काळी ती वाट चालू होती, एवढंच.

माझा प्रबंध त्या सालावर उभा होता, आणि प्रबंधावर नोकरी. मी सरांना सांगायला तीनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी चहा मागवला. दुसऱ्यांदा माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. तिसऱ्यांदा मी "सर, ते पत्र" एवढंच म्हटलं, तर म्हणाले, "राऊतबाई, पत्र जुनं आहे, त्याला त्रास देऊ नका." मग मी एक चलाखी केली. मजकुरात सरांचं साल ठेवलं आणि चौथ्या प्रकरणाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप घातली: हे साल फसली मानल्यास नऊ वर्षं आधीचं ठरतं, आणि तसं मानणंच योग्य दिसतं. गाईड वाचत नाहीत, परीक्षक तळटीप बघत नाहीत. म्हणजे खरंही लिहिलं आणि कुणाला कळलंही नाही. संशोधनाची ही पद्धत आमच्याकडे सर्रास चालायची. चौथं प्रकरण सरांकडे दोन महिने राहिलं. मग तळहातावर जोखून त्यांनी सही केली.

व्हायवाच्या दिवशी सभागृह भरलं होतं; दाराशी रहीमचाचाही उभे होते. बाहेरच्या परीक्षकांसाठी रोडगे आणि वांग्याची भाजी आहे, ही बातमी सगळ्या विभागांत गेली होती. परीक्षकांनी दोन गुळगुळीत प्रश्न विचारले. आता संपलं असं वाटत असताना अकोल्याहून आलेले एक शेतीचे अभ्यासक उठले. म्हणाले, "मुंबईची वाट सोडून त्याचे बैल मिर्झापूरले कायले गेले?"

पुढच्या रांगेत सगळे विभागप्रमुख बसले होते. मी म्हणाले, "व्यापारी हट्टी होता."

सर उठले. गाईडनं व्हायवात बोलू नये असा नियम आहे आणि सरांनी तो कधीच पाळला नव्हता. अडलेल्या विद्यार्थ्याचं उत्तर तेच द्यायचे. मी सुटकेचा श्वास टाकला. सर म्हणाले, "राऊतबाई, तुमी खोटं बोलून राहिल्या."

त्यांनी माझ्यापुढच्या प्रबंधाकडे बोट केलं.

"चौथं प्रकरण काढा. खालची टीप वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचली. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख पंख्याकडे बघू लागले. भूगोलवाल्यांनी डायरी उघडून त्यात डोकं घातलं. माझं वाचून झाल्यावर सर म्हणाले, "साल माझं चुकलं. यांचं बरोबर आहे. आपल्या लोकांनी कापूस पिकवायला अमेरिकेतल्या तोफेची वाट पाहिली नव्हती, हे मला तीस वर्षं दिसलं नाही." रुमालानं तोंड पुसलं. "आता कृपया जेवायला चलावं. रोडगे थंड होत आहेत."

हात धुताना मी त्यांना गाठलं आणि विचारलं, "सर, तुम्ही वाचलं होतं?"

"मी सगळ्यांचं सगळं वाचतो. वाचलं म्हटलं की तुम्ही लोक वाद घालायला येता. जोखलं म्हटलं की गुमान घरी जाता." मग नळ बंद करून हळूच म्हणाले, "तुम्ही तीनदा सांगायला आलात. माझी ऐकायची छाती झाली नाही. तळटीप वाचली त्या दिवशी जेवण गेलं नाही." त्या माणसावर मी पाच वर्षं हसले होते. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण हात ओले होते आणि मागे रांग होती. आता माझ्या हाताखाली विद्यार्थी आहेत. मीही प्रकरणं तळहातावर जोखते. फरक इतकाच, की मी ती खरंच वाचत नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांचा गौरवग्रंथ निघाला. सगळ्या विभागांचे लेख त्यात होते आणि प्रत्येक लेखात जुनंच साल. सरांनी बदलायला सांगितलं. समिती म्हणाली, "सर, एवढ्या लोकांची मेहनत आहे." म्हणजे सरकीचं तेल एकदा निघालं ते निघालं. मग सरांनी स्वतःच शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून आणल्या. दुपारभर ग्रंथालयात बसून ते आणि रहीमचाचा डिंकानं एकेका प्रतीत त्या चिकटवत होते. गौरवमूर्तीनं स्वतःच्या गौरवावर डिंक लावलेला मी तेवढाच पाहिला. माझ्या प्रतीतली चिठ्ठी तिरकी लागली आहे.

दोन वर्षांनी सर गेले. विद्यापीठात शोकसभा झाली. सगळे विभाग आले. शेवटचे वक्ते गहिवरून म्हणाले, "अमेरिकेत तोफ उडाली आणि अचलपुरात बैल धावला, हे सरांनी जगाला सिद्ध करून दाखवलं." माना डोलल्या. सूत्रसंचालकानं विचारलं, "आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत?" मी तिसऱ्या रांगेत होते. पुढच्या आठवड्यात माझी बढतीची मुलाखत होती आणि घेणाऱ्यांपैकी दोघं मंचावर बसले होते. मी पर्समध्ये रुमाल शोधू लागले. मग दोन मिनिटं स्तब्धता झाली. ती मी नीट पाळली.

बाहेर सायकल स्टँडपाशी रहीमचाचा उभे होते.

"बेटा, तुमी काऊन नाई उठल्या?"

"वेळ कमी होता, चाचा."

चाचांनी सायकलचं कुलूप काढलं, किल्ली खिशात ठेवली.

"सर तं उठले होते," ते म्हणाले, आणि टांग मारून निघून गेले.