वहिनीची पिवळी बोटं

वहिनीच्या बोटांवरचे पिवळे डाग आज पुन्हा दिसले आणि माझं डोकं फिरलं. आईला ऐकू येत नाही, म्हणून बेल वाजताच दिवा लागेल असं सर्किट वहिनीनं घरीच बनवलं. तांब्याचा थर असलेल्या पट्टीवर रेषा आखल्या, उरलेलं तांबं रसायनात विरघळवलं. त्याचेच हे डाग. काल काका आले, सर्किट न्याहाळत दादाला म्हणाले, "काय सफाईदार काम केलंस रे!" दादा नुसता हसला. अशा हसण्यात किती बायकांचं काम जिरलं असेल!

"गप्प का बसलास?" आज मी दादाला विचारलंच.

"त्यात काय एवढं?"

वहिनीनं हातातली तारा जोडायची सोल्डरगन खाली ठेवली. "काही नसेल, तर काकांना आत्ता फोन लाव आणि सांग. मी ऐकतेय."