झांझिबारला धाडलेला कंदुरा

चौसष्टचा जानेवारी. रुकय्याचे निम्मे तांदूळ निवडून झाले होते, तेवढ्यात नवरा खैरुद्दीन दुबईच्या बाजारातून धापा टाकत आला.

"झांझिबारात उठाव झालाय! इंग्रज जाऊन महिना झाला, सत्ता अरबांकडेच राहिली म्हणून आफ्रिकी लोक भडकलेत. अरब दिसला की कापतायत."

"पण आपला अलीमियाँ तर रत्नागिरीचा!"

"ते काय त्याच्या कपाळावर लिहिलंय?"

रमजानसाठी धाकट्या भावाला, अलीमियाँला, रुकय्यानंच हौसेनं अरबी पायघोळ कंदुरा शिवून धाडला होता. वर चिठ्ठी, "हा घालून मशिदीत जा, अगदी शेख दिसशील!"

"या अल्ला, हे मी काय केलं!" म्हणत तिनं सूप तसंच टाकलं आणि बुरखा चढवला. तिला तारऑफिसात जायचं होतं, अलीमियाँला कंदुरा घालू नको म्हणून कळवायला.