नेल्सनहून निघालेला वरवंटा

भावाला मुलगी झाली तेव्हा मी दक्षिण बेटावर नेल्सनला नोकरीला होते आणि तो उत्तर बेटावर पामरस्टन नॉर्थला. नकाशावर बघाल तर चार बोटांचं अंतर. पण मध्ये समुद्र! गाडीने पिक्टन, तिथून फेरीबोट, मग वेलिंग्टन, मग पुन्हा गाडी, असा अख्खा दिवस जातो. बारसं रविवारी दुपारी, म्हणून मी शनिवारच्या फेरीचं तिकीट काढून ठेवलं होतं. आणि शनिवारी असा काही वारा सुटला की सगळ्या फेऱ्याच रद्द!

भावाचा फोन आला. "ताई, टेन्शन घेऊ नकोस. तू व्हिडिओ कॉलवर नाव सांग, मी फोन बाळाच्या कानाशी धरतो."

माझं डोकंच फिरलं. "अरे गाढवा, आत्या कानात नाव सांगते, स्पीकरवर नाही!"

आईबाबांना पुण्याहून येता आलं नव्हतं. या देशात त्या पोरीच्या बापाकडचं माणूस म्हणजे मी एकटी. मी नसेन तर नाव कोण सांगणार, शेजारीण? फोन ठेवला आणि मला चक्क रडू फुटलं.

डोळे पुसले आणि विमानं बघायला बसले. नेल्सनहून थेट पामरस्टन नॉर्थला एक छोटं विमान जायचं, तासाभरात उतरवणारं. रविवारी सकाळची एकच सीट उरली होती. घेतली.

रविवारी वारा पडला होता. विमान एवढंसं, त्यामुळे तिथे माणसंही तोलून घेतात. काउंटरवरच्या बाईंनी 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करत मला सामानासकट काट्यावर उभं केलं आणि मान हलवली. वजन जास्त होतं. पायलट स्वतःच बॅगा भरत होता. माझी उचलून तो म्हणाला, "दगड भरलेत की काय?"

"एकच आहे," मी म्हटलं.

खरंच होता. वरवंटा! बारशाला वरवंट्याला टोपडं घालून बायका पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातात देतात, मगच बाळ पाळण्यात. वहिनीकडे नुसता मिक्सर. 'बागेतला एखादा धोंडा घेऊ' असं भाऊ म्हणाला होता, तेव्हाही मी त्याला झापलं होतं.

"हा इथेच ठेवा ना," पायलट म्हणाला.

"छे! हा येणारच." मी तिथेच बॅग उघडली. पापाटोएटोच्या देशी मिठाईवाल्याकडून मागवलेल्या पेढ्यांचे डबे, चांगले बूट, बारशासाठी काढलेली पैठणीसुद्धा, सगळं काउंटरवरच्या बाईंच्या हवाली केलं आणि पुन्हा काट्यावर चढले.

"स्वीट ॲज," पायलट हसून म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत 'एकदम झकास'.

आदल्या दिवशी मला अडवणारा तो समुद्र खाली निमूट पसरला होता. पाण्याच्या बाटलीतले चार घोट संपेपर्यंत तो मागे पडलासुद्धा. मी एकटीच मोठ्यांदा हसले. शेजारच्या आजोबांनी दचकून पाहिलं.

भाऊ विमानतळावर आला होता. जीन्स, पायात जँडल्स म्हणजे रबरी सपाता, कडेवर वरवंटा, असा माझा अवतार बघून तो आधी हसला आणि मग त्याचेच डोळे भरले. "चल, मुहूर्त टळेल," मी त्याला दटावलं.

वरवंटा फिरला, बाळ पाळण्यात आलं. मी वाकले. एवढासा कान, मऊ, दुधाचा वास. कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. रीतीप्रमाणे वहिनीच्या मैत्रिणींनी माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली, पण मी पाहुणी म्हणून बिचकत, हळूच.

"अगं, जोरात हाणा!" मी वाकल्या वाकल्या ओरडले. "आत्या आलीये!"