शीतलची हजेरी

संतराम गुरुजींनी शीतलला प्रथम पाहिलं ते २००३ च्या जूनमध्ये, डोंगरकड्याच्या शाळेत, पहिलीच्या हजेरीला. खरं तर आधी ऐकू आली ती तिची आई.

"शीतल जळबा," गुरुजींनी पुकारलं आणि दारातून खणखणीत आवाज आला, "हजर, गुरुजी!"

दारात जनकाबाई उभ्या होत्या. पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी आईकडे बघत होती.

"बाई, हजेरी लेकराची आहे."

"मंग ती हाय की बसलेली. दिसून राहिली ना?"

शीतल अडीच वर्षांची झाल्यावर चालायला लागली, चौथं सरताना 'आई' म्हणाली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, लेकरू सगळं करील, पण सवडीनं. जनकाबाईंना धास्ती होती ती शाळेची. पोरगी बोलली नाही तर गुरुजी तिला परत अंगणवाडीत धाडतील! म्हणून त्या रोज येत आणि लेकीच्या वतीनं हजर होत. नाव विचारलं तरी त्याच सांगत, पाणी हवं का विचारलं तरी त्याच. दिवाळी आली तरी वर्गात शीतलचा आवाज कुणी ऐकला नव्हता, आणि अंगणवाडीचा विचार आता गुरुजींच्याही मनात यायला लागला होता.

तिचे वडील जळबा पिठाची गिरणी चालवत. शाळा सुटली की शीतल तिथेच. एका संध्याकाळी गुरुजी ज्वारीचा डबा घेऊन गेले. गिरणीच्या घरघरीत कानाला काही लागत नव्हतं. शीतल एकेका डब्याला हात लावून नुसतं तोंड हलवत होती आणि जळबा तिच्याकडे बघून दळण बदलत होता. तेवढ्यात लाइट गेली. पट्टा थांबला.

"...भिकाबाईचे गहू. पेमाची ज्वारी, जाड. गुरुजीची..." शीतलनं डब्यात डोकावून पाहिलं. "ज्वारी. खडे हायेत."

आपला आवाज एवढा मोठा ऐकून ती स्वतःच दचकली आणि खुदकन हसली.

"जळबा, ही बोलते?"

"बोलत असंल म्हणून तर डबे बराबर लागून राहिले," जळबा ओशाळला. "मला तरी कुठं ऐकू येतं, गुरुजी? अन् घरी हिच्या मायपुढं कोणाची टाप हाय बोलायची? घरी मी बी मुकाच."

गुरुजी तसेच जनकाबाईंकडे गेले. "उद्या हजेरीला येऊ नका. मी थांबतो तिच्यासाठी."

"अन् न्हाईच बोलली तर?"

"तर परवा पुन्हा थांबेन. अंगणवाडीत पाठवणार नाही."

दुसऱ्या दिवशी नाव पुकारून गुरुजींनी पेन खाली ठेवलं. तिच्या मागं बसणारा बालाजी मध्येच सांगायला उठला, त्याला बोटानं खाली बसवलं. शीतलनं आधी दाराकडे पाहिलं. दार रिकामं होतं. मग तिनं वेणी चघळली, पाटीकडे पाहिलं, गुरुजींच्या टोपीकडे पाहिलं. गुरुजींचे मनातल्या मनात चाळीस आकडे मोजून झाले.

"हजर," शीतल म्हणाली. मग सावकाश, "गुरुजी." आणि लगेच, "आई कुठंय?"

"हितंच हाय गं बाई!" खिडकीखालून आवाज आला, आणि अख्खा वर्ग हसला.

शीतल त्याच शाळेत सातवीपर्यंत शिकली. आज ती गावातल्या बचत गटाच्या शेवयांच्या यंत्रावर काम करते आणि दुपारी जेवायला घरी जाते.