होईलराव

आमच्या होईलरावांच्या तोंडून मी कधी 'नाही' ऐकलं नव्हतं, आणि याचाच मला भयंकर राग यायचा. गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत यांचं “होईल, साहेब!” बाहेर पडलेलं. आणि ते करायचं कुणी? आम्ही! चिंचवडला जाहिरातीची आमची छोटी कंपनी होती, मी तिथं चित्रकार. नव्यानं उभ्या राहणाऱ्या कारखान्यांच्या साहेबांकडून कामं आणायची, आमची चित्रं त्यांच्या गळी उतरवायची आणि त्यांचा राग झेलायचा, ही होईलरावांची नोकरी. मालक ऐटीत त्यांना 'अकाउंट मॅनेजर' म्हणत. स्वारीला कंपनीनं दिलं होतं काय, तर एक जुनी सायकल.

कारखान्याच्या फाटकाबाहेर ती सायकल लावून ते रुमालानं बूट झटकायचे, मान पुसायचे, मग चेहऱ्यावर हसू चढवून आत जायचे. पंपाच्या कारखान्यातल्या साहेबांनी एकदा माझं चित्र टेबलावर आपटलं आणि विचारलं, “हा बैल आहे की म्हैस?” हे मला तिथल्या शिपायाकडून कळलं. होईलरावांनी येऊन सांगितलं ते असं: “साहेब बैलाकडे बघतच राहिले हो! शिंगं तेवढी जरा बघा म्हणाले.” मी भडकलो. “खरं काय ते सांगा ना राव!” तर म्हणाले, “खरं सांगितलं तर तुमचा हात चालेल का?” मी खोडरबर उचललं आणि शिंगं खोडायला बसलो.

साहेबलोकांची भाषा त्यांना तोंडपाठ होती. “छान म्हणाले की अजून बदल आहेत,” ते मला शिकवायचे. “घाई नाही म्हणाले की उद्या सकाळी हवंय. आणि बघू म्हणाले, की आपण गाशा गुंडाळायचा. बघू म्हणजे नाही. त्यात दुसरा अर्थ शोधत बसायचं नाही.”

पंपाच्या कारखान्याला कॅलेंडरसाठी विहिरीचं चित्र हवं होतं. होईलराव म्हणाले, “विहीर मी दाखवतो.” मला वाटलं, नेतील कुठंतरी देहूच्या बाजूला. त्यांनी नेलं ते कारखान्याच्याच आवारात, मागच्या कुंपणाशी. दगडी बांधणीची जुनी विहीर, काठावर शेंदूर फासलेले सात दगड. साती आसरा, पाण्याच्या देवता. होईलरावांनी दगडांपाशी बूट काढले आणि म्हणाले, “हा आमचा मळा. साहेबांच्या खोलीबाहेर मी ज्या बाकावर बसतो ना, तिथं गोठा होता.” वर हसले. मला हसू आलं नाही. आपल्याच गोठ्याच्या जागी हा माणूस टोपी सारखी करत साहेबाची वाट बघत बसायचा, आणि मी त्याला लाचार म्हणायचो.

त्यांची आई जिवंत होती. जमीन गेली त्याबद्दल म्हातारीनं कधी तोंड उघडलं नाही, पण वर्षातून एकदा आसरांची ओटी भरायला आत जाऊ द्यावं एवढं तिचं मागणं होतं. अशात कानावर आलं, की विहीर बुजवून तिथं मोटारींची शेड बांधणार आहेत. होईलरावांनी आयुष्यात साहेबांकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. चित्र पसंत पडलं त्या दिवशी मागितलं. विहीर राहू द्या, एवढंच.

परत आले ते पोरासारखे खुशीत. “साहेब बघू म्हणाले!”

मी म्हटलं, “अहो, बघू म्हणजे काय ते तुम्हीच…”

“छे हो! माझ्या बाबतीत तसं नाही. इतक्या वर्षांचे संबंध आहेत.” आणि घरी जाऊन आईला सांगून टाकलं, “होईल.”

चारच दिवसांत साहेबांचा निरोप आला. चित्र उत्तम आहे, ते दगड मात्र काढा, गावठी दिसतात. होईलरावांनी तो निरोपही नेहमीच्याच गोड आवाजात मला दिला. मी ब्रश खाली ठेवला. “तुमच्या आसरा आहेत त्या!” तर म्हणाले, “चित्र गिऱ्हाइकाचं आहे. काढा. साहेब खूश राहिले तर विहीर राहील.” मी दगडांवर गवत रंगवलं. कॅलेंडर छापून आलं, त्याच आठवड्यात विहिरीत राडारोडा पडला.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर कॅलेंडर होतं. आणि म्हातारीनं त्या गवतावर, बरोबर दगडांच्या जागी, कुंकवाची सात बोटं लावली होती.

“तुमीच काढलंय न्हवं हे?” तिनं मला विचारलं. “आसरा कुटं गेल्या?”

मी काही बोलायच्या आत होईलराव पुढं झाले. तेच हसू, तोच आवाज. “आई, साहेबांना चित्र फार आवडलं. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरात आसराही घेऊ. होईल सगळं.”

म्हातारी म्हणाली, “सायबाशी बोलतोस तसं माज्याशी बोलू नगंस, रं.”

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मटकन खाली बसले. इतकी वर्षं माझ्याशी पुण्याच्या भाषेत बोलणारा तो माणूस आईच्या पायाशी बसून म्हणाला, “न्हाई झालं, आई. मला न्हाई जमलं.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चहा न घेताच मी उठलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पंपाच्या नव्या जाहिराती दोन दिवसांत मागितल्या. होईलराव म्हणाले, “नाही होणार.” साहेबांना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी आमच्या मालकांना फोन केला आणि मालकांनी होईलरावांना संध्याकाळच्या आत घरी पाठवलं. जाताना ते माझ्या टेबलाशी थांबले, “शिंगं खरंच वाईट होती हो,” म्हणाले आणि सायकल तिथंच ठेवून पायी गेले.

आम्ही सगळे चित्रकार मिळून मालकांकडे गेलो. म्हटलं, असा माणूस पुन्हा मिळायचा नाही, त्यांना परत बोलवा.

मालक म्हणाले, “बघू.”