भागूबाई ओ देत नाही

संगणकावर पिंगची आज्ञा टाकली की आमच्या ऑफिसातले भाऊ उजवा हात कानामागं धरायचे. समोर पडदा, त्यावर अक्षरं; ऐकण्यासारखं काही नाही. तरी धरायचे. वडलांची मेंढरं होती, डोंगरात हाका मारण्यात लहानपण गेलेलं. "ताई, पिंग म्हंजे तरी काय? हाक. आन् उत्तर आलं की ओ."

पिंपरी पेंढारला आमचं इंटरनेट पुरवण्याचं छोटं ऑफिस. बिलं, तक्रारी आणि कामांच्या याद्या माझ्याकडे. वायरी आणि संगणक भाऊंकडे. गावोगावच्या छतांवरचा नेटचा कुठला डबा चालू, कुठला बंद, हे दाखवणारं एक सॉफ्टवेअर त्यांनी बसवलं होतं. फुकटचं आणि खुलं. जगभरातले लोक मिळून ते दुरुस्त करतात. ज्याच्या छतावर डबा, त्याचंच नाव भाऊंनी डब्याला दिलं होतं. पत्ता आपण असाच सांगतो की नाही?

एका अपडेटनंतर ते सॉफ्टवेअर मराठी बोलू लागलं. आम्ही खूश. त्याच दुपारी आणे गावची लाईट गेली आणि ग्राहकांच्या मोबाइलवर मेसेज गेला : "भागूबाई, आणे : मृत."

भागूबाईंचं बिल भरणारा पुतण्या घोडेगावहून जीपभर नातेवाईक घेऊन रडत पोचला. भागूबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

लगेच भाऊंना त्यांचा फोन. "मी मेले, आन् मलाच न्हाई सांगितलं व्हय रं, मुडद्या? बाजाराच्या दिवसाआत माझ्या छतावरलं तुझं ताट काढून ने!"

ताट म्हणजे डब्याची डिश; तिच्यावरूनच अख्ख्या आण्याला नेट जात होतं.

"शब्द बदला नि मोकळे व्हा," मी म्हटलं.

"हितं बदलून काय व्हतंय? पुढच्या अपडेटला म्हातारी पुन्हा मरंल. मुळातच बदलाया पायजे."

अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. भाऊ म्हणायचे, ठिगळ. त्यांनी इंग्रजी 'डेड'चं झालेलं 'मृत' खोडून 'ओ देत नाही' लिहिलं आणि सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना ठिगळ पाठवून दिलं. तिकडून प्रश्न आला, 'बंद' का नको? भाऊंनी कळवलं, "बंद आहे का, ते आपल्याला ठाऊक नाही. हाक मारली, ओ आली नाही, एवढंच खरं."

मग अट आली : मराठी येणाऱ्या आणखी कुणाचा तरी होकार हवा. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी खातं उघडलं आणि लिहिलं, "बरोबर आहे. आमच्याकडे असंच बोलतात. लवकर घ्या, आजी चिडल्या आहेत."

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ठिगळ लागलं. भाऊ स्वतः सांगायला आण्याला गेले आणि पिशवीभर शेंगा घेऊन परतले. ताट जागेवर राहिलं.

आता भाऊ पुण्याला एका कंपनीत आहेत. परवा आण्याची लाईट गेली आणि पडद्यावर आलं, "भागूबाई, आणे : ओ देत नाही." सवयीनं मी मागच्या खुर्चीकडे हाक मारली, "भाऊ!" मग स्वतःशीच हसले आणि फोन लावला.

"भागूबाई?"

"ओ!" पलीकडून खणखणीत आवाज आला.

मोबाइल माझ्या डाव्या कानाला होता. उजवा हात कधी कानामागं गेला, कळलंच नाही.