मुंग्यांनी पास केलेलं कॉकटेल

आमच्यातलं कुणीतरी आत्याला चोरून गोड खाऊ घालत होतं! डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली, साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर, आणि तरी रक्तातली साखर दर महिन्याला चढतीच. याचा अर्थ एकच. गुन्हेगार आमच्यासोबतच ओट्यावर बसत होता, हातात पेला घेऊन!

त्याच्याकडं मी येणारच आहे. पण आत्याच्या ओट्यावरच्या गोष्टी सांगायच्या म्हणजे पंचाईत असते. फळं चिरताना सालींचा ढीग होतो ना, तशा त्या साचल्यात. एक उचलावी तर चार चिकटून येतात.

सुमनआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमची माणसं सिल्लोडकडची, मेंढरं राखणारी. आत्या लग्न करून शहरातल्या छावणी भागात आली आणि पुढं मीही कॉलेजसाठी तिच्याकडंच राहिले. एम.एस्सी. बॉटनी झाले, आता तासिका तत्त्वावर शिकवते. एका उन्हाळ्यात घरात बाटलीतलं थंड पेय आलं आणि माझं डोकं फिरलं. मोसंबी आपल्या मातीत पिकते, केसर आंबा आपल्याकडं होतो, आणि पाहुण्याला रंगीत सोडा? मी जाहीर केलं, "आजपासून ह्या घरात बाटली बंद. दर रविवारी दुपारी आपण फ्रूट कॉकटेल करायचं, सगळ्या गल्लीला पाजायचं!"

आत्या म्हणाली, "कर बाई. भांडी कोण घासणार तेवढं आधी सांग."

भांडी घासायला माझे दोन मित्र आले. इम्रान, ज्याच्या अब्बांचं शहागंजला फळांचं दुकान आहे. आणि प्रज्ञा, जी नर्सिंग शिकते आणि जगातल्या प्रत्येक माणसाला आधी हात धुवायला लावते.

*

पहिल्याच रविवारी शेजारचे रिटायर्ड सुभेदार काका सर्वांत आधी हजर! इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत आणि हातात स्वतःचा काचेचा ग्लास. गल्लीत "कॉकटेल आहे" एवढाच निरोप फिरला होता.

त्यांनी एक घोट घेतला. थांबले. ग्लास उन्हाकडं धरून पाहिला.

"ह्यात रम नाही?"

"नाही काका. मोसंबी, टरबूज, द्राक्षं, डाळिंब."

काकांनी ग्लास संपवला. मग ग्लास पुढं केला. "असू द्या. आणखी एक."

तेव्हापासून त्यांचा एकही रविवार चुकला नाही. शिस्तीचा माणूस! त्यांनी कधी घाई केली नाही, कधी तक्रार केली नाही. ओट्याच्या टोकाला ग्लास घेऊन ताठ बसायचं आणि पातेलं पुढं यायची वाट पाहायची.

*

टरबूज घ्यायला आत्या स्वतः शहागंजला यायची. इम्रानचे अब्बा पाच-सहा टरबुजं मांडायचे. आत्या खाली बसायची, एकेकाला थोपटायची, कान जवळ न्यायची. डोळे मिटलेलेच. मग एकावर हात ठेवायची, "हे."

एकदा अब्बांनी गंमत केली. बाहेरून सगळ्यात देखणं, हिरवंगार, पण आतून कच्चं असणार हे त्यांना माहीत असलेलं टरबूज बरोबर मधोमध ठेवलं. आत्यानं थोपटलं आणि बाजूला सारलं. अब्बांनी ते गुपचूप फिरवून पुन्हा पुढं ठेवलं. आत्यानं पुन्हा सारलं. तिसऱ्यांदा ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "भाईजान, ह्याला घरी घेऊन जा. लई लळा लागलाय तुम्हाला."

अब्बांनी दोन्ही हात कानाला लावले. "आपा, ये इल्म कहाँ से सीखे तुम?"

"कोकराचं पोट भरलं का नाय, ते असंच थोपटून कळतं," आत्या म्हणाली. "त्यात काय!"

त्यात काय! मी पाच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकले, मला एकाही प्राध्यापकानं फळाला कान लावायला सांगितलं नव्हतं.

*

माझी हुशारीही सांगायला हवी. एका रविवारी मी ठरवलं की आज दुधातलं कॉकटेल करायचं. थंडगार दूध, चिकू, केळं आणि ताजा अननस. मी जोशात सगळं एकत्र केलं आणि फ्रिजमध्ये ठेवून दिलं.

तासाभरानं इम्राननं चाखलं आणि थेट मोरीकडं धावला. कडूजहर! वर दुधाच्या गुठळ्या.

आत्यानं पातेल्यावर फक्त नाक नेलं. "कच्चा अननस घातलास? आधी त्याला साखरेच्या पाकात चटका द्यायचा असतो. मग तो दुधाशी भांडत नाय."

मी खोलीत जाऊन पुस्तक उघडलं. अननसात एक एन्झाइम असतं, ते दुधातलं प्रथिन तोडतं आणि उष्णतेनं ते निकामी होतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मार्कही मिळाले होते!

*

आता मुंग्या.

आत्याला शुगर होती, त्यामुळं ती स्वतः चाखायची नाही. मग गोडी बरोबर झाली हे कसं ठरवायचं? ती ओट्याच्या कडेवर कॉकटेलचा एक थेंब टाकायची आणि शेजारी बसायची. आम्ही शंभरपर्यंत मोजायचो. शंभरच्या आत मुंग्या आल्या तर पातेलं पास. नाहीतर आणखी थोडी साखर. "आल्या का गं?" ती विचारायची. आम्ही वाकून सांगायचो, "आल्या, आत्या!" मग पहिला ग्लास सुभेदार काकांचा.

मला हे पटेना. मी चमच्यानं साखर मोजून तीन वाट्यांत तीन प्रकार केले, तीन थेंब टाकले आणि आत्याला काहीच सांगितलं नाही. मुंग्या मधल्या थेंबावर आल्या. इम्रान, प्रज्ञा आणि काकांनी डोळे मिटून चाखलं. तिघांनीही मधलीच वाटी उचलली!

मी त्या एवढ्याशा मुंग्यांकडं बघत राहिले. माझ्या पदवीच्या कागदावरून रांगेनं चालत गेल्यासारख्या वाटल्या.

*

पण एका रविवारी मुंग्या आल्याच नाहीत.

आत्यानं थेंब टाकला. आम्ही लांब बसून उरलेली फळं चिरत होतो. "आल्या का गं?" "नाही, आत्या." तिनं मूठभर साखर घातली, नवा थेंब टाकला. "आल्या का?" "नाही." आणखी एक मूठ. असं पाच वेळा झालं. शेवटी कॉकटेल इतकं दाट झालं, की डाव त्यात उभा राहायला लागला. आत्या घाबरली. "माझा अंदाज कसा काय चुकला गं?"

मी उठून जवळ गेले. ओट्याच्या कडेला मुंग्या मारायच्या खडूची पांढरीफेक रेघ होती, बोटभर जाड, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सकाळी प्रज्ञानं स्वच्छतेपायी ओढलेली आणि विसरून गेलेली. आत्याचा हात त्या रेघेवरच टेकलेला होता. पंजा पांढरा झाला होता.

आणि तिला ती दिसत नव्हती.

टरबुजाला कान, पातेल्याला नाक, "आल्या का गं?" हे सगळं आम्ही कला म्हणून बघत आलो होतो. कला होतीच. पण आत्या गेली दोन वर्षं धुक्यात वावरत होती आणि तिनं कुणाला कळूच दिलं नव्हतं.

"कशाला सांगायचं?" ती म्हणाली. "तुम्ही एवढं मन लावून करता. म्हातारीला दिसत नाय म्हटलं की बंद कराल."

*

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, पण आधी शुगर खाली आणा. नाहीतर मी हात लावणार नाही.

एक महिना गेला. शुगर वर. दुसरा महिना, आणखी वर. आणि डोळ्यापुढचं धुकं रोज दाट होत होतं. आत्या आता भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जायची.

माझा संयम संपला. मी सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि भाषणच ठोकलं. "ह्या माणसाला लाज वाटली पाहिजे! एका बाईचे डोळे पणाला लागलेत आणि हा माणूस प्रेमाच्या नावाखाली तिला आंधळी करतोय. कोण आहे तो? उभं राहा!"

कुणी उठलं नाही. इम्रान चपलेकडं बघत होता, प्रज्ञा नखांकडं, सुभेदार काका सरळ समोर.

आत्याच हळूच म्हणाली, "अगं, शनिवारी तूच तर देतीस की. उद्याच्यासाठी करून बघते म्हणून, वाटीभर."

"पण... ती एकच वाटी, आत्या! बाकी आठवडाभर तू काही खात नाहीस म्हणून!"

"व्हय. मंगळवारी इम्रान आमरस आणतो. म्हणतो, कुणाला सांगू नका खाला, एकच वाटी. गुरुवारी प्रज्ञा. ती तर आधी माझे हात धुते, मग देती. आणि सुभेदार रोज संध्याकाळी खजूर देतात. म्हणतात, खजूर काय गोडात धरत नाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पर्त्येकाला वाटायचं आपण एकटेच. नाय कसं म्हणू?"

काका खाकरले आणि म्हणाले, "कबूल."

त्या दिवशी मी नवीन नियम केला. आत्याची शुगर उतरेपर्यंत ओट्यावर कॉकटेल नाही. कुणालाच नाही! एप्रिलचे चार रविवार आम्ही साध्या माठातलं पाणी प्यायलो. काका दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, ग्लास घेऊन यायचे, पाणी प्यायचे आणि जायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

महिन्याच्या शेवटी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तारीख दिली.

*

आणि हा शेवटचा किस्सा, मे महिन्यातला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झालेले. पातेलं पुन्हा ओट्यावर आलं. टरबूज, मोसंबी, डाळिंबाचे दाणे, सब्जा, पाकात चटका दिलेला अननस. आत्या काळा चष्मा लावून आली. तिनं चष्मा कपाळावर सरकवला आणि पातेल्यात बघितलं. बघतच राहिली. "एवढं लाल असतं व्हय!" एवढंच म्हणाली.

इम्रान उगाचच इकडच्या वाट्या तिकडं ठेवत होता. प्रज्ञानं हात न धुता डोळे पुसले.

मग आत्यानं डावानं एक थेंब ओट्याच्या कडेवर टाकला आणि उकिडवी बसली. आम्ही मोजायला लागलो. साठाच्या आकड्यालाच पहिली मुंगी आली. मग दुसरी. मग भिंतीच्या फटीतून लांबलचक रांग. मी सवयीनं म्हणाले, "आल्या, आत्या!"

तिनं हातानं मला गप्प केलं. हनुवटी गुडघ्यावर टेकवून ती बघत होती. एक मुंगी थेंबाच्या काठाला डोकं लावायची, मागं फिरायची, वाटेत भेटेल तिच्या तोंडाला तोंड लावून पुढं जायची. दोन वर्षं जिच्या शब्दावर आत्यानं पातेली पास केली, ती मुंगी आज तिला दिसत होती. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बर्फ विरघळत होता. सगळी गल्ली पेले घेऊन उभी होती आणि कुणाची बोलायची हिंमत होईना.

अर्ध्या तासानं ओट्याच्या टोकाला सुभेदार काका उठून उभे राहिले. ताठ. ग्लास पुढं केलेला.

"सुमनबाई," ते म्हणाले, "त्यांचं पोट भरलं असेल, तर आता माणसांना वाढा!"